बेळगाव-निपाणीचा अमेरिकी कागद घरबसल्या कसा शोधाल?

सीमाभागातल्या वाचकांची एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकू येते. कुणाला मिशनच्या शाळेचा इतिहास लिहायचा असतो, कुणाला घराण्यातल्या जुन्या कापूस व्यापाराचा माग काढायचा असतो, कुणाला स्वामी विवेकानंद बेळगावात राहून गेल्यावर वर्षभरानं शिकागोत काय घडलं ते तिकडच्या वर्तमानपत्रांत वाचायचं असतं. अमेरिकेतलं जुनं सगळं आता ऑनलाइन आहे, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. वाचक मोठ्या उमेदीनं शोधाच्या चौकटीत ‘बेळगावी’ टाकतात आणि हाती एक तर शून्य नोंदी येतात, नाहीतर चाळीस हजार. उपयोग दोन्हींचा सारखाच.

चूक वाचकाच्या चिकाटीत नसते, शोधाच्या दिशेत असते. कागद ज्या गावाबद्दल आहे त्या गावाच्या नावानं तो साठत नाही. तो लिहायला पैसे कुणी दिले, त्याच्या घरी साठतो. बेळगावचंच पाहा. इथं लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं आणि १९०४ मध्ये ते अमेरिकेच्या मेथॉडिस्ट एपिस्कोपल मिशनकडे सोपवलं गेलं. वास्तू त्याच, शाळा तीच, शिक्षकही बरेचसे तेच असणार. पण १९०४ पर्यंतची पत्रं लंडनला जात होती, म्हणून ती आज लंडन विद्यापीठाच्या सोआस ग्रंथालयात आहेत. त्यानंतरचे अहवाल आणि छायाचित्रं अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मॅडिसन गावी, ड्र्यू विद्यापीठाच्या आवारातल्या मेथॉडिस्ट अभिलेखागारात आहेत. कोल्हापूरची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. तिथं मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले ते बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाकडून. पुढे त्यांचं बोर्डाशी फाटलं, काही काळ त्यांनी स्वतंत्रपणे काम चालवलं आणि १८७० च्या सुमारास ते काम प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. त्यामुळे एकाच माणसाची आधीची पत्रं हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात आणि नंतरची फिलाडेल्फियात. निपाणी हे याच प्रेस्बिटेरियन मिशनचं एक ठाणं होतं. म्हणून निपाणीकरांनी ‘बेळगाव’ शोधून भागत नाही, ‘कोल्हापूर’ आणि ‘पश्चिम हिंदुस्थान मिशन’ या नावांखाली शोधावं लागतं. जिल्हा एक, पण अमेरिकी मिशनं दोन आणि त्यांची अभिलेखागारंही दोन.

सीमाभागातल्या माणसाला हे नवं वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण मुंबई सरकारच्या सचिवालयानं आपल्या खर्चानं लिहिलेल्या फायली मुंबईच्या पुराभिलेखागारातच राहिल्या. अमेरिकेच्या बाबतीतही नियम तोच, फक्त अंतर जास्त.

आधी गॅझेटियर, मग अमेरिका

थेट अमेरिकी संग्रहात शिरू नका. आधी जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २१ वा खंड उघडा. तो बेळगावचा आहे आणि १८८४ चा. धारवाडचा २२ वा, कोल्हापूरचा २४ वा. तिन्ही इंटरनेट अर्काइव्हवर पूर्ण आणि फुकट वाचता येतात. चिकोडी तालुक्याचा भाग, शेती आणि व्यापाराची प्रकरणं आणि शेवटची गावांची यादी एवढं जरी नीट वाचलंत तरी तीन गोष्टी पदरात पडतात: कुठल्या वर्षांत शोधायचं, कुणाच्या नावानं शोधायचं आणि त्या काळी इंग्रज आपल्या गावाचं नाव कसं लिहीत होते. या तीन गोष्टींवाचून अमेरिकी संग्रहात शिरणं म्हणजे पत्ता न विचारता मुंबईत उतरणं.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाचा डिजिटल साठाही याच टप्प्यावर चाळावा. मुंबई सरकारचे जुने छापील अहवाल तिथं बरेच आहेत.

नावाच्या स्पेलिंगवर निम्मा शोध अवलंबून

‘बेळगावी’ हे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी कारकुनाला ते ठाऊक असायचं कारण नाही. वहीत एक पान या कामासाठीच ठेवा आणि प्रत्येक नावाची जितकी रूपं भेटतील तितकी लिहीत जा. सुरुवात अशी करता येईल:

- बेळगाव: बी-ई-एल-जी-ए-यू-एम. हे रूप बऱ्यापैकी स्थिर आहे, म्हणून इथून सुरुवात सोपी.
- धारवाड: शेवटी ‘डी’ नाही, ‘आर’. ‘डी’ लावून शोधलंत तर १९ वं शतक जवळजवळ पूर्ण हातचं जातं.
- कोल्हापूर: ‘एच’ कधी असतो, कधी नसतो, शेवट पी-यू-आर, पी-ओ-ओ-आर आणि पी-ओ-आर-ई असा तिन्ही तऱ्हांनी.
- निपाणी: एका ‘आय’चं, दोन ‘ई’चं, शेवटी ‘आय’चं, शेवटी दोन ‘ई’चं. चारही करून पाहा.
- माणसांची नावं: आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या कागदांत जे-ओ-एस-एच-ई-ई अशा आहेत. विवेकानंदांचं नाव अनेक अमेरिकी पत्रांनी ‘विवे’ आणि ‘कानंद’ असं मधोमध तोडलं आहे, जणू पहिलं नाव आणि आडनाव.

आनंदीबाईंचा उल्लेख निव्वळ स्पेलिंगसाठी नाही. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जागा देऊ केली. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, ती जागा त्यांना सांभाळता आली नाही. त्यांच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाचे कागद आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत आणि १८८३ चं प्रवेशासाठीचं पत्र तिथं वाचता येतं. कोल्हापूरच्या नेमणुकीचा दुसरा धागा मात्र संस्थानाच्या दप्तरात, म्हणजे कोल्हापुरातच शोधावा लागतो. पुन्हा तोच नियम: ज्यानं पगार द्यायचं कबूल केलं, त्याच्या घरी कागद.

कापूस: एक शोध पहिल्यापासून शेवटपर्यंत

‘अमेरिकेचा इतिहास आपल्याला कशाला?’ हा आक्षेप सरळ आहे आणि त्याचं उत्तर बेळगाव-धारवाडच्या काळ्या जमिनीत आहे. सौंदत्ती, बैलहोंगल, गोकाक आणि पलीकडचा हुबळी-धारवाड हा कापसाचा मुलूख. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं कॅप्टन बेल्स यांना अमेरिकेत धाडलं आणि पुढच्या वर्षी ते कापसाच्या शेतीत मुरलेले दहा अमेरिकी मळेवाले घेऊन परतले. त्यांच्यापैकी मर्सर यांचं नाव धारवाडशी जोडलं गेलं. हुबळीजवळच्या कुसुगलला प्रयोगाची शेती झाली. न्यू ऑर्लिन्सचं बी इथं इतकं रुजलं की ‘धारवाड-अमेरिकन’ असं कापसाच्या जातीचं नावच पडलं. सरकी वेगळी करणारं करवतीच्या चकत्यांचं अमेरिकी यंत्रही त्यासोबत आलं आणि मुंबईच्या बाजारात ‘सॉ-जिन्ड धारवाड’ हा वेगळा माल म्हणून विकला जाऊ लागला. मग १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, लिव्हरपूलला अमेरिकी कापूस मिळेना, आणि आपल्याकडे भाव आभाळाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसे ते कोसळले. ही तेजी-मंदी मुंबईत सुरू झाली नव्हती. तिचं कारण मिसिसिपीच्या काठी होतं, त्यामुळे तिचा अर्धा पुरावाही तिकडेच.

आता हा शोध प्रत्यक्ष कसा घ्यायचा ते पाहू. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह उघडा. तो फुकट आहे, नोंदणीही लागत नाही. मग असं करा:

१. वर्षांची मर्यादा १८६१ ते १८६६ अशी घाला. मर्यादा न घालता शोधणं हीच चाळीस हजार नोंदींची जननी.

२. ‘धारवार’ आणि ‘कॉटन’ हे शब्द एकत्र शोधा. नोंदी थोड्या येतील, पण कामाच्या येतील.

३. मग ‘कॉम्प्टा’ शोधा: सी-ओ-एम-पी-टी-ए-एच. हे आपलं कुमठा. घाट उतरून कुमठा बंदरातून जाणाऱ्या आपल्या मुलखातल्या देशी कापसाला व्यापारी त्या बंदराच्या नावानं ओळखत. बैलहोंगलच्या शेतातला कापूस लिव्हरपूलच्या भावफलकावर बैलहोंगलच्या नावानं कधीच सापडणार नाही, कुमठ्याच्या नावानं सापडेल.

४. ‘सुरत’ हा शब्द शेवटी वापरा. लिव्हरपूलवाले पश्चिम हिंदुस्थानातल्या सगळ्याच कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत, त्यामुळे हे जाळं फार मोठं आहे.

शोधाच्या निकालात यंत्रानं वाचलेला मजकूर दिसतो. त्यावर भिस्त ठेवू नका, पानाचं चित्र उघडा. त्या काळच्या पत्रांचे स्तंभ अरुंद आणि टाइप बारीक. ‘धारवार’ ओळीच्या शेवटी तुटून ‘धार-’ आणि खाली ‘वार’ असा छापला गेला असेल तर यंत्राला तो एक शब्द वाटत नाही. शाई फुटलेली असली तर ‘एच’चा ‘बी’ होतो. म्हणून एखाद्या पत्राच्या एका अंकात लिव्हरपूलचा बाजारभाव सापडला की त्याच पत्राचे पुढचे-मागचे अंक त्याच पानावर, त्याच स्तंभात, डोळ्यांनी चाळा. शोधयंत्र जिथं थकतं तिथून हे काम पुढे जातं.

आणखी एक बारकावा. अटलांटिकच्या तळातून टिकाऊ तार १८६६ मध्ये पडली. तोवर लिव्हरपूलचा भाव न्यूयॉर्कला जहाजानं जात होता, म्हणजे छापला जाईपर्यंत दहा-बारा दिवस किंवा अधिक शिळा. न्यूयॉर्कच्या पत्रावरची तारीख हीच भावाची तारीख धरून मुंबईच्या भावाशी तुलना केलीत तर मांडणीच चुकेल. बातमीच्या डोक्यावर कुठल्या जहाजानं ती आणली आणि लिव्हरपूलची तारीख कोणती हे बहुधा दिलेलं असतं. तेच टिपून घ्या.

या सगळ्यातून सौंदत्तीचा शेतकरी मिळत नाही, हेही आधीच कळलेलं बरं. अमेरिकी पत्रं भाव सांगतात आणि अमेरिकी कापसाची मक्तेदारी जाते की काय ही दक्षिणेतल्या मळेवाल्यांची धास्ती सांगतात. न्यू ऑर्लिन्सचं ‘डी बोज रिव्ह्यू’ हे मासिक मिशिगन विद्यापीठानं ऑनलाइन ठेवलं आहे, त्यात या चर्चा भरपूर आहेत. शेत आणि शेतकरी पाहायचा तर गॅझेटियर आणि वॉल्टर कॅसेल्स यांचं मुंबई इलाख्यातल्या कापसावरचं १८६२ चं पुस्तक. एका हातात हे आणि दुसऱ्या हातात ते, असं वाचलं तरच गोष्ट पुरी होते.

निपाणीच्या वाचकाला इथं तंबाखू आठवणार. पण बिडीचा तंबाखू हा अमेरिकी व्यापाराचा विषय नव्हता. त्या मालावर तिकडच्या कुणी पैसे लावले नव्हते, म्हणून कागदही फारसा नाही. तो वेळ वाचवा.

कुठलं दार कशासाठी

- क्रॉनिकलिंग अमेरिका: छोट्या-मध्यम गावांच्या पत्रांसाठी सोन्याची खाण. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ किंवा ‘शिकागो ट्रिब्यून’चे जुने अंक मात्र पैसे भरून वाचावे लागतात. लगेच पैसे भरू नका. त्या काळी छोटी पत्रं मोठ्यांच्या बातम्या जशाच्या तशा उचलत, म्हणून सप्टेंबर १८९३ च्या सर्वधर्म परिषदेची वर्णनं फुकटातही पुष्कळ सापडतात. विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात होते, पण अमेरिकी वार्ताहरांना याची गंधवार्ता नव्हती. काहींनी तर त्यांना ब्राह्मण ठरवून टाकलं. बेळगावचा धागा तिथं शोधू नका.
- हाथीट्रस्ट: नावातला हाथी आपलाच. विद्यापीठांनी एकत्र येऊन २००८ मध्ये उभारलेला हा साठा मिशनच्या वार्षिक अहवालांसाठी आणि ‘मिशनरी हेरल्ड’सारख्या मासिकांसाठी उत्तम. अडचण अशी की अमेरिकेत खुलं असलेलं पुस्तक भारतातून कधीकधी ‘फक्त शोध’ एवढंच उघडतं. तेव्हाही शब्द कुठल्या पानांवर आहे ते कळतं. ती पानं टिपा आणि तेच पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर शोधा.
- इंटरनेट अर्काइव्ह: सगळ्यांत सोयीचं आणि सगळ्यांत अस्ताव्यस्त. एकाच अहवालाची तीन नावांनी तीन रूपं असतात. शीर्षकानं सापडलं नाही तर संस्थेच्या नावानं शोधा.
- मेथॉडिस्ट अभिलेखागार, मॅडिसन: मिशनच्या छायाचित्रांचे जुने अल्बम ऑनलाइन आहेत, हिंदुस्थानचेही. १९०४ नंतरच्या बेळगावसाठी पहिलं दार हेच.
- प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी, फिलाडेल्फिया: कोल्हापूर, सांगली, मिरज, निपाणी. छायाचित्रं आणि काही कागद ऑनलाइन आहेत. परदेशी मिशन मंडळाचा १८३३ ते १९११ चा पत्रव्यवहार मायक्रोफिल्मवर आहे.
- साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेलेले विद्यार्थी, मजूर, गदरवाले यांच्यासाठी. पांडुरंग खानखोजे यांच्यासारख्या मराठी माणसांच्या वाटेवर निघाला असाल तर इथून सुरुवात करा.

ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ हे अमेरिकी नसले तरी फुकट आणि सुबक आहेत. हिंदुस्थानातल्या दुष्काळ-प्लेगच्या बातम्या तिथं अमेरिकी पत्रांहून अधिक तपशिलात मिळतात.

‘मिशनऱ्यांचं काय खरं मानायचं?’

हा दुसरा आक्षेप आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. मिशनरी पत्र लिहीत होता तो देणगीदाराला. न्यूयॉर्क-पेनसिल्व्हानियातल्या चर्चमधून पैसे यायचे तर इथला अंधार गडद रंगवावा लागे आणि आपला दिवा मोठा दाखवावा लागे. म्हणून हे कागद बाजूला सारावेत, असं काही जाणकार म्हणतात. ते मान्य करता येत नाही, कारण एकाच पत्रातली प्रत्येक ओळ सारख्या हेतूनं लिहिलेली नसते. प्रत्येक विधानापाशी थांबून एवढंच विचारा: हे खोटं लिहून लिहिणाऱ्याचा काय फायदा होता? प्लेगमुळे शाळा किती दिवस बंद राहिली, बैलगाडीला किती भाडं पडलं, विहीर कुठल्या महिन्यात आटली, कुठल्या शिक्षकाची बदली झाली, हे तपशील ओघात आलेले असतात. त्यात फुगवून मिळण्यासारखं काही नसतं. ते बरेचसे विश्वासार्ह. धर्मांतर करणाऱ्याच्या मनात काय होतं, गावातले लोक किती ‘अज्ञानी’ होते, बायकांची स्थिती कशी होती, ही वर्णनं देणगीच्या पेटीकडे तोंड करून लिहिलेली. ती दुसऱ्या पुराव्याशिवाय वापरू नका. आकड्यांतही फरक करा. खर्चाचा आकडा मंडळ तपासत असे, ‘प्रवचनाला जमलेल्या श्रोत्यां’चा कुणीही तपासत नसे.

हीच कसोटी अमेरिकेच्या स्वतःच्या कागदालाही लावावी लागते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. ते वाचून अनेकांना त्या गुलामांचं स्वतःचं म्हणणं वाचावंसं वाटतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९३६ ते १९३८ या काळात नोंदवलेल्या २,३०० हून अधिक मुलाखती आहेत आणि त्या सगळ्या खुल्या आहेत. पण सांगणारी माणसं तेव्हा सत्तरी-ऐंशी ओलांडलेली होती, मंदीनं गांजलेली होती, आणि विचारणारे बहुतेक गोरे, सरकारी पगारावरचे होते. ‘मालक चांगला होता’ हे वाक्य कुणासमोर बोललं गेलं ते लक्षात न घेता त्यावरून निष्कर्ष काढणं धोक्याचं. जेवण काय मिळे, कुठं निजत, मुलं कुठं विकली गेली, हे तपशील मात्र अंगावर काटा आणतील इतके थेट आहेत.

नेहमी पाय घसरतो त्या जागा

तारखा पहिल्या. अमेरिकी माणूस आधी महिना लिहितो, मग दिवस. ४/५/१९०५ म्हणजे ५ एप्रिल, ४ मे नव्हे. दिवस बारापेक्षा मोठा असला तर चूक लगेच ध्यानात येते, एरवी ती छापून जाईपर्यंत येत नाही. वार्षिक अहवालावर छापलेलं साल आणि आतली हकीकत यांतही बहुधा वर्षाचा फरक असतो; प्रस्तावनेतली कालमर्यादा पाहिल्याशिवाय साल लिहू नका.

दुसरी जागा ‘इंडिया’ या शब्दाची. १९०० मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ जहाज दुष्काळपीडितांसाठी मका घेऊन निघालं आणि अमेरिकी पत्रं त्या वर्णनांनी भरली. पण तेव्हाचा मोठा फटका गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत यांना होता. बेळगाव-धारवाडची कंबर मोडली ती १८७६-७८ च्या दुष्काळात. ‘हिंदुस्थानातला दुष्काळ’ वाचून तो आपल्याच जिल्ह्याचा समजण्याचा मोह अनेक स्मरणिकांत दिसतो.

बायकांची नावं शोधताना नवऱ्याच्या नावानंही शोधा. मिशनरी स्त्री लग्नानंतर कागदावर ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव अशी उरते. आपल्याकडच्या माणसांची गत याहून वाईट: ‘नेटिव्ह शिक्षक’, ‘बायबल वुमन’, एवढंच. अशा वेळी पगारपत्रक आणि छायाचित्रामागची टीप हे दोनच आधार, तेवढ्यासाठी अल्बमच्या पानांच्या मागच्या बाजूही स्कॅन केल्या आहेत का ते पाहा.

पानाचा क्रमांक लिहिताना पुस्तकावर छापलेला लिहा, पडद्यावरचा नको. पडद्यावर मुखपृष्ठापासून मोजतात, म्हणून दोन्हींत दहा-वीस पानांची तफावत पडते. आणि एआय यंत्राला प्रश्न विचारून मिळालेला संदर्भ, म्हणजे पुस्तकाचं नाव, पान, साल असं सगळं व्यवस्थित दिसणारं काही, मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वापरू नका. ही यंत्रं नसलेली पुस्तकंही तितक्याच ठामपणे सांगतात.

छापायचं असेल तर: तुमचा हक्क कुठवर

वाचण्यासाठी परवानगी लागत नाही. स्मरणिकेत किंवा पुस्तकात छापायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. भारतात पुस्तकाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. अमेरिकेत या जुन्या काळात प्रकाशित झालेल्या साहित्याला प्रकाशनापासून ९५ वर्षं; म्हणजे १९३० अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेलं २०२६ च्या १ जानेवारीला मोकळं झालं, आणि ही रेघ दर वर्षी एक वर्ष पुढे सरकते. अमेरिकी केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून लिहिलेल्यावर तिथं हक्कच नसतो. मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीचे कापसावरचे अहवाल यात मोडतात.

अप्रकाशित पत्रांची गोष्ट वेगळी. तिथं लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं मोजतात. १९१० मध्ये लिहिलेलं पत्र जुनं वाटतं, पण लिहिणारा १९६० मध्ये वारला असेल तर ते अमेरिकेत २०३० अखेरपर्यंत बांधलेलं आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदीत ‘प्रकाशनावर ज्ञात निर्बंध नाहीत’ अशा अर्थाची ओळ दिसली तर खुशाल छापा, सौजन्य मात्र लिहा. इतर संस्था कधी मोठ्या आकाराच्या स्कॅनचे पैसे मागतात. ते स्कॅन करण्याच्या कामाचे पैसे असतात. त्यावरून चित्राचा स्वामित्वहक्क त्यांच्याकडे आहे असं समजू नका; हक्क कुणाचा, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. कर्मचाऱ्यांच्या खासगी फायली आणि रुग्णालयांच्या नोंदी पुष्कळदा काही दशकं बंद ठेवलेल्या असतात. तिथं हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

ऑनलाइन नाही म्हणजे नाहीच असं नव्हे

अभिलेखागारातला फार थोडा भाग स्कॅन झालेला असतो. सूची मात्र बहुधा ऑनलाइन असते, आणि सूचीच तुमच्या खऱ्या कामाची. तिच्यात पेटीचा क्रमांक आणि फोल्डरचं नाव असतं. ते मिळालं की अभिलेखपालाला ईमेल करा. भारतातून लिहिलं म्हणून कुणी टाळत नाही. अशा पत्रांना उत्तर देणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. पण ‘आमच्या गावाविषयी जे असेल ते पाठवा’ असं लिहिलंत तर नम्र नकाराशिवाय काही येणार नाही. पत्रात एवढं असू द्या:

- एकच प्रश्न, एका वाक्यात: ‘१९०४ ते १९१० या काळात बेळगावच्या शाळेच्या इमारतीवर झालेल्या खर्चाची नोंद’ अशा थाटाचा.
- पेटी, फोल्डर आणि सूचीतलं नाव, सूचीत आहे तसंच.
- गावाच्या नावाची तुमच्या वहीतली सगळी रूपं.
- आधी काय काय पाहिलं आहे, म्हणजे तेच पुन्हा सुचवलं जाणार नाही.
- किती पानांचं स्कॅन परवडेल, आणि ते वाचायला हवंय की छापायला.

इंग्रजी साधं असलं तरी चालतं. उत्तराला काही आठवडे लागू शकतात. ‘सापडलं नाही’ असं उत्तर आलं तर ते टाकून देऊ नका: कोणत्या पेट्या पाहिल्या, कोणत्या तारखेला, हे त्याच वहीत लिहून ठेवा. लंडनच्या सोआसला पुढचं पत्र लिहिताना पहिलं वाक्य तेच असेल.